बाटलीतले विष आणि आईचा दोष

रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाची आरोग्याची बैठक होती. विषय साधाच होता, लहान मुलांचा सर्दी-खोकला. मी बोलत असताना मागच्या रांगेतली एक तरुण आई, कडेवर सात-आठ महिन्यांचे बाळ घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, छिंदवाड्याच्या त्या लेकरांना औषध तर त्यांच्या आईनंच पाजलं ना? मग चूक तिचीच ना?" शेजारच्या मावशींनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवले. पण प्रश्न खाली बसला नाही. बैठक संपली तरी बायका त्यावरच बोलत होत्या. कोणी म्हणे, विचारल्याशिवाय औषध देऊच नये. कोणी म्हणे, डॉक्टरला विचारूनच दिले होते, मग बाईने आणखी काय करायचे? मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, तरी त्या दिवशी मला दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी घडले काय ते पाहू. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात, पण नागपूरहून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. तिकडची माणसे मोठ्या दुखण्याला नागपूरलाच येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परासिया भागातील लहान मुले एकामागून एक आजारी पडू लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने व्हायची. डॉक्टरांकडे नेले, औषध मिळाले, दोन दिवस बरे वाटले. मग उलट्या, मग लघवी कमी, मग लघवी बंद. आईबाप लेकराला घेऊन नागपूरच्या रुग्णालयांत धावले. मूत्रपिंडे निकामी झालेली होती. डायलिसिस झाले, व्हेंटिलेटर लागले. वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

आधी कोणालाच औषधाचा संशय आला नव्हता. पाणी तपासले, उंदरांपासून होणारा आजार तपासला, रक्ताचे नमुने पुण्याला गेले. एकाच भागात एवढी मुले आजारी पडली की यंत्रणेची नजर आधी पाण्याकडे, डासांकडे, उकिरड्याकडे जाते. ते बरोबरच आहे. पण त्याच्या मागोमाग 'ही माणसे राहतातच घाणीत' हे वाक्यही येते, आणि ते आपल्याला चांगले ओळखीचे आहे. अखेर मुलांच्या घरातून औषधांच्या बाटल्या गोळा झाल्या आणि एक नाव पुन्हा पुन्हा समोर आले, 'कोल्ड्रिफ'. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीसन फार्मास्युटिकल्स या कंपनीने बनवलेले सर्दीचे सिरप, बॅच क्रमांक एसआर-१३.

२ ऑक्टोबर २०२५ ला दसरा होता. दीक्षाभूमीवर लाखो लोक होते, आपल्यापैकी अनेक जण होते. त्याच शहरातल्या रुग्णालयांत ही लेकरे तेव्हा यंत्राला लावलेली होती आणि त्याच सुमारास तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या बॅचची तपासणी झाली. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघाले. औषधात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. म्हणजे आई जो चमचा बाळाच्या तोंडाशी नेत होती, त्यातला जवळजवळ अर्धा चमचा विष होते.

हे रसायन औषधात येते कसे, ते समजून घ्या, कारण दोष कोणाचा याचे उत्तर तिथेच आहे. पॅरासिटामॉलसारखी औषधे नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून पातळ औषध बनवताना त्यात ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल घालतात. हे पदार्थ औषधी दर्जाचे, म्हणजे शुद्ध करून तपासलेले मिळतात आणि कारखान्यांच्या वापराचेही मिळतात. दुसरा माल स्वस्त. डायइथिलिन ग्लायकॉल त्यांच्याच कुळातले, दिसायला तसेच, पण गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये, शाई-रंगात आणि इंजिन थंड ठेवण्याच्या द्रवात वापरले जाणारे. कधी स्वस्त मालात ते मिसळलेले असते, कधी त्याच्या पिंपावर चुकीचे लेबल लावून ते विकले जाते. ते पोटात गेले की यकृतात त्याचे रूपांतर डायग्लायकोलिक आम्लात होते आणि हे आम्ल मूत्रपिंडातील बारीक नळ्या मारून टाकते. लघवी थांबते ती म्हणून. पुढे मेंदू आणि नसांवर परिणाम होतो.

आता महत्त्वाचे. हे विष पांढरे-स्वच्छ, पाण्यासारखे, वास नसलेले आणि चवीला गोड असते. आईने बाटली उजेडात धरून पाहिली, हुंगली, बोट लावून चाखली, तरी तिला काही कळणार नाही. ते डॉक्टरला कळत नाही, मेडिकलवाल्यालाही कळत नाही. ते कळते फक्त प्रयोगशाळेत, आणि कच्च्या मालाचे पिंप उघडण्याआधी ती तपासणी करणे हे औषध बनवणाऱ्याचे काम आहे. कायद्याने त्याच्यावर टाकलेले. त्या तपासणीला फार पैसे लागत नाहीत. तामिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी या कारखान्याची पाहणी केली तेव्हा साडेतीनशेच्या वर त्रुटी नोंदवल्या गेल्या. पुढे कंपनीचा परवाना रद्द झाला आणि मालकाला अटक झाली.

माझ्या मते त्या तरुण आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. जे तपासणे तुमच्या हातात नव्हते त्याचा दोष तुमच्यावर येत नाही. उरलेले अर्धे उत्तर थोडे कडू आहे, त्याकडे येतेच.

पण आधी हे सांगू द्या की ही गोष्ट नवी नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत मॅसेंगिल नावाच्या कंपनीने सल्फानिलामाइडचे गोड पातळ औषध बाजारात आणले. औषध विरघळवायला हेच डायइथिलिन ग्लायकॉल वापरले होते. विकण्यापूर्वी चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारी आहे का, एवढेच पाहिले नाही. शंभरावर माणसे मेली, त्यात बरीच मुले होती. मालकाने त्या वेळी सांगितले की आमची काही जबाबदारी नाही. आणि कायद्यानेही त्याला जवळजवळ तसेच सोडले, कारण औषध सुरक्षित असलेच पाहिजे असा नियमच तेव्हा नव्हता. खटला चालला तो नाव चुकीचे दिल्याबद्दल, की 'एलिक्झिर' म्हणता आणि त्यात मद्यार्क नाही! दंड भरून कंपनी मोकळी झाली. दुसऱ्या वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला. आपल्याकडे औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० चा.

कायदा आला, विष गेले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच रसायन होते. १४ रुग्ण दगावले. सरकारी रुग्णालयातले गोरगरीब रुग्ण. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन, वरचे राजकारणी, कोणालाच सोडले नाही. ज्यांना वाटते की अशा गोष्टी फक्त लांबच्या राज्यात होतात त्यांनी जे. जे. आठवावे. १९९८ मध्ये गुरगाव-दिल्ली भागात तीसहून अधिक मुले गेली. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला जम्मूतील रामनगरला पुन्हा तेच. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० मुले मरण पावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील एका कंपनीच्या चार सिरपबद्दल जगभर इशारा दिला. कंपनीने दोष नाकारला. तिथेही आयांना विचारले गेलेच असणार, किती चमचे पाजले म्हणून.

किती चमचे पाजले. हा प्रश्न मी दवाखान्यात हजार वेळा ऐकला आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर स्वतःही विचारला आहे. डॉक्टरला उपचारासाठी ते विचारावे लागते. पण त्याच प्रश्नाचा दुसरा उपयोगही होतो. वस्तू बिघडली की वापरणाऱ्याकडे बोट दाखवायचे. कुकर फुटला तर बाईने शिट्टी साफ केली नाही. गॅसची नळी गळली तर बाईचे लक्ष नव्हते. इस्त्रीचा शॉक बसला तर हात ओला होता. कधी ते खरेही असते. पण झडप मुळात निकृष्ट होती का, नळीवर आयएसआयचा शिक्का खोटा होता का, हे पंचनाम्यात कोणी लिहीत नाही, कारण ते शोधायला प्रयोगशाळा लागते आणि 'हलगर्जीपणा' लिहायला एक पेन पुरते.

आता कडू भाग.

आपल्या वस्तीत औषधाच्या बाबतीत काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. एका घरची उरलेली बाटली दुसऱ्या घरी जाते. "आमच्या पिंट्याला लागू पडलं होतं, तुमच्या पोरीलाही दे." मोठ्याचे औषध अर्धे करून लहानाला. झाकणाचे माप हरवले की घरातला चमचा, आणि घरातले चमचे तीन मापांचे. चिठ्ठी न घेता थेट मेडिकलमध्ये "खोकल्याचं चांगलं औषध द्या". मजुरी बुडते, दवाखान्यात डॉक्टरची फी, आणि रात्रभर लेकरू खोकते. कारणे मला पटतात. तरी हे थांबले पाहिजे, कारण लहान मुलांना खोकल्याचे औषध बहुतेक वेळा लागतच नाही.

हे मी म्हणत नाही, केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने छिंदवाड्याच्या घटनेनंतर राज्यांना कळवले आहे: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी होती. ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तसे लेबलवर छापा, असे औषध महानियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावले होते. म्हणजे विष नसते, माल शुद्ध असता, तरी ते औषध त्यातल्या बऱ्याच लेकरांना लिहायला नको होते. हा दोष लिहून देणाऱ्याचा. आईने डॉक्टरवर विश्वास ठेवला, त्यात तिचे काय चुकले? पण आता आपल्याला माहीत झाले आहे, तर डॉक्टरला विचारायला हरकत नाही: "डॉक्टरसाहेब, याला खरंच सिरप लागतं का? न देता चालेल का?" एवढे विचारले म्हणून कोणी रागावले तर रागावू द्या.

मग द्यायचे काय? अंगावरचे दूध चालू ठेवा, थोडे थोडे आणि वारंवार. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही नाही, कितीही मोठ्या माणसाने सांगितले तरी. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. घरात धूर नको, चुलीचा, अगरबत्तीचा, विडीचाही. आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, तर सिरप शोधू नका, रुग्णालय गाठा.

कोणतेही औषध सुरू झाल्यावर उलट्या वाढल्या, पोट दुखू लागले आणि मुख्य म्हणजे सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर औषध बंद करा आणि मुलाला घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. बाटली बरोबर न्या. उरलेले औषध ओतून देऊ नका, बाटली धुऊ नका. धुतलेल्या बाटलीने काहीच सिद्ध होत नाही.

बाटलीवरून आठवले. दोषी वस्तूच्या भांडणात कायदा कोणाच्या बाजूने आहे, हे आपल्या लोकांना कमी माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' म्हणून वेगळे प्रकरणच घातले आहे. वस्तू बनवताना दोष राहिला, तिची रचनाच धोक्याची होती, ठरलेल्या दर्जाप्रमाणे ती बनवली नाही किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, आणि त्यामुळे इजा किंवा मृत्यू झाला, तर उत्पादक भरपाईला जबाबदार. कारखान्यात त्या दिवशी कोण गाफील होते हे तुम्ही शोधून काढायची गरज नाही. वस्तू सदोष होती आणि त्या दोषाने इजा झाली, हे दाखवायचे आहे. पण त्याच कायद्यात कंपनीच्या सुटकेची वाटही आहे: वस्तूचा गैरवापर केला असेल, तिच्यात फेरफार केला असेल तर दावा टिकत नाही. म्हणून मी बायकांना माप पाळा, चिठ्ठी घ्या, दुसऱ्याची बाटली घेऊ नका असे सांगते, तेव्हा ते केवळ तब्येतीसाठी नसते. उद्या कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. त्याला ती फट ठेवू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि कंपनी चेन्नईची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. मुदत दोन वर्षे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे मोजतात ती वस्तूसाठी दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे, त्यामुळे साठ-सत्तर रुपयांच्या बाटलीसाठी फी लागणार नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. आपल्यापैकी काहींना वाटते की धम्म स्वीकारल्यावर ही सवलत लागू नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे, दाखला असेल तर बिनधास्त मागा. फोनवर चौकशीसाठी विधी सेवांचा १५१०० आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या औषधाबद्दल ग्राहक आयोगात जाणे कठीण, कारण पैसे न देणारा कायद्याच्या भाषेत सहसा 'ग्राहक' ठरत नाही. हे मला कधीच पटले नाही, औषधाचे पैसे आपल्याच करातून जातात. अशा वेळी उच्च न्यायालय किंवा मानवी हक्क आयोग हा मार्ग. रामनगरच्या मुलांच्या पालकांना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगामुळे प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश झाला, राज्याच्या औषध खात्याने तपासणीत कसूर केली म्हणून. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले.

औषधाबद्दल संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा महाराष्ट्रातला टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५. औषधाचा वाईट परिणाम झाला तर त्याची नोंद करायला १८०० १८० ३०२४. १९४० च्या कायद्याप्रमाणे कोणीही नागरिक आपण विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, त्याला सहीचा अहवाल द्यावा लागतो. मंडळाने मिळून फी भरली तर एका घरावर भार येत नाही.

पण या सगळ्याला लागतात तीन गोष्टी: बाटली, बिल आणि चिठ्ठी. मेडिकलवाला बिल देत नाही, आपण मागत नाही, "दहा-वीस रुपयांसाठी काय बिल" म्हणतो. मागा. बिलावर बॅच क्रमांक लिहिलेला असतो, तो बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवा. घरी आल्यावर लेबलचा मोबाइलवर फोटो काढा, औषधाचे नाव, बॅच, बनवल्याची तारीख, मुदत आणि कंपनीचा पत्ता दिसेल असा. पुढे लेबल पुसले गेले तरी फोटो राहतो. छिंदवाड्यात सुगावा लागला तो बाटल्यांवरूनच.

पुढच्या रविवारी आम्ही बायकांना घरातली सगळी पातळ औषधे विहारात आणायला सांगितली. सतरंजीवर बाटल्यांची रांगच लागली. बऱ्याच जणींना बाटली कोणाची, कधीची, हेच आठवेना. काहींची मुदत संपलेली, काहींचे लेबल चिकट होऊन गळून पडलेले, एका बाटलीत दुसरेच औषध ओतलेले. तशा सगळ्या बाटल्या वेगळ्या काढल्या. ती तरुण आईही आली होती. तिने पिशवीतून एक बाटली काढली, जवळजवळ भरलेली, आणि तिच्याबरोबर घडी घातलेले बिल. "मागितलं तर दिलं त्यानं," ती म्हणाली. मग चष्मा लावून आम्ही दोघींनी बॅच क्रमांक वाचला. बिलावर होता तोच होता.